दान हवे, कागद नको!

‘गावासाठी काहीतरी करायचं आहे हो, पण हे नियम काही करू देत नाहीत!’

दुबई, अबूधाबी, शारजा, कुठेही चार मराठी माणसे जमली आणि गप्पा देशाकडे वळल्या की हे वाक्य हमखास कानावर पडते. वाक्य बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. त्याला गावच्या शाळेला संगणक द्यायचे असतात, पुरात वाहून गेलेल्या वस्तीला मदत करायची असते, एखाद्या वसतिगृहाचे वर्षाचे धान्य भरायचे असते. मग कोणीतरी ‘एफसीआरए’ असा शब्द उच्चारतो, दुसरा ‘इथे पैसे गोळा करायला बंदी आहे’ असे सांगतो, तिसरा सुस्कारा सोडतो आणि विषय बिर्याणीवर येतो.

मंडळी, मला या वाक्याचाच प्रतिवाद करायचा आहे. नियम काही करू देत नाहीत हे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे असे, की आपल्याला द्यायला आवडते, पण देण्यासाठी पात्र व्हायला आवडत नाही. पात्रता म्हणजे कागद, हिशेब, सह्या, अहवाल. ते आले की आपला उत्साह कापरासारखा उडून जातो. आणि मग एकतर आपण काहीच करत नाही, नाहीतर नियम धाब्यावर बसवून करतो. दोन्हीत नुकसान होते ते ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याचेच.

पैसा आहे, मग अडते कुठे?

आधी पैशाचे बघू. रिझर्व्ह बँकेने परदेशातून येणाऱ्या रकमांची जी पाहणी केली, तिच्यानुसार २०२३-२४ या वर्षात भारतात आलेल्या अशा एकूण रकमेपैकी १९.२ टक्के रक्कम संयुक्त अरब अमिरातीतून आली. अमेरिकेखालोखाल हा दुसरा क्रमांक. आणि ही सगळी रक्कम ज्या राज्यांत गेली त्यात महाराष्ट्र पहिला, २०.५ टक्के. त्यातला बहुतेक पैसा घरखर्च, शिक्षण, कर्जाचे हप्ते यासाठी जातो, आणि तो तसा जायलाच हवा. परंतु आपल्यापाशी पैसे नाहीत, किंवा पाठवायची सोय नाही, असे म्हणायला या आकड्यांनी जागा ठेवलेली नाही.

बरे, सरकारने सोय केली नाही असेही नाही. परदेशस्थ भारतीयांच्या दानाला विश्वासार्ह वाट मिळावी म्हणून केंद्र सरकारने २००८ साली ‘इंडिया डेव्हलपमेंट फाउंडेशन ऑफ ओव्हरसीज इंडियन्स’ नावाचा न्यास काढला. मार्च २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सात वर्षांत, त्यात जमा झाले सुमारे ३७ लाख रुपये! जगभरात पसरलेल्या कोट्यवधी भारतीयांकडून सदतीस लाख. पुढच्या तीन वर्षांत जोर लावल्यावर दहा कोटींच्या आसपास आले. अखेर ३१ मार्च २०१८ रोजी तो न्यास बंद करण्यात आला. सरकारी न्यासावर लोकांचा भरवसा नव्हता, प्रचार कमी पडला, अशी कारणे सांगता येतील आणि ती काही प्रमाणात खरीही असतील. पण तयार असलेल्या वाटेनेही आपण फारसे चाललो नाही, हे मान्य करायला हवे.

इथला कायदा

आता ज्या देशाचे आपण मीठ खातो त्या देशाच्या कायद्याकडे वळू. तो पुरेसा स्पष्ट आहे. दुबईत २०१५ च्या डिक्री क्रमांक ९ नुसार, इस्लामिक अफेअर्स अँड चॅरिटेबल अ‍ॅक्टिव्हिटीज या खात्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही देणग्या गोळा करता येत नाहीत, आणि गोळा करण्याची जाहिरातही करता येत नाही. शिक्षा एक महिना ते एक वर्ष कैद, किंवा पाच हजार ते एक लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. २०२१ मध्ये सबंध देशासाठी देणग्यांचे नियमन करणारा संघराज्याचा कायदा आला. देणगी गोळा करण्याचा अधिकार परवानाधारक संस्थांनाच, व्यक्तींना नाही, हे त्याचे सूत्र. त्याच वर्षीच्या सायबर कायद्यात, परवान्याशिवाय इंटरनेटवरून देणगीचे आवाहन केल्यास पाच लाख दिरहमांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

‘आवाहन’ हा शब्द नीट वाचा. पेटी घेऊन दारोदार फिरणे एवढाच त्याचा अर्थ नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ‘पूरग्रस्तांसाठी प्रत्येकी शंभर दिरहम अमुक यांच्याकडे जमा करा’ असा संदेश टाकणे हेही आवाहनच. २०१६ साली दुबईत राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाला अफगाणिस्तानातल्या निर्वासितांसाठी निधी उभारणाऱ्या संस्थेची माहिती फेसबुकवर टाकल्याबद्दल काही आठवडे कोठडीत काढावे लागले होते. त्याने कोणाचा पैसा खाल्ला नव्हता. थंडीत कुडकुडणाऱ्या मुलांना ताडपत्र्या मिळाव्यात एवढीच त्याची इच्छा होती.

हे ऐकले की आपली मंडळी म्हणतात, ‘हा अन्यायच झाला.’ मला तसे वाटत नाही. धर्मादायाच्या नावाखाली गोळा झालेला पैसा कुठे जातो हे तपासायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. जिथे शेदोनशे देशांची माणसे राहतात, तिथे ‘हा आपला ओळखीचा आहे, भला माणूस आहे’ ही कसोटी सरकारला चालत नाही. आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही चालू नये. ‘ओळखीचा आहे’ या एकाच भांडवलावर किती भिशा बुडाल्या, हे काय नव्याने सांगायला हवे?

तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाड पाण्याखाली गेले, सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर, धाराशिव, बीडच्या शेतांत पाणी शिरले, की आपल्या गटांवर पहिला संदेश कोणता येतो? ‘कोणी पैसे जमा करतंय का?’ दुसरा संदेश, ‘मी करतो.’ या ‘मी करतो’ म्हणणाऱ्याचे मन मोठे असते, पण तो स्वतःची नोकरी, व्हिसा आणि मुलांची शाळा पणाला लावत असतो, आणि त्याची त्याला कल्पनाही नसते. त्याला टाळ्या देणाऱ्या आपल्यापैकी एकानेही त्याला ‘थांब’ म्हटले नाही, तर ती मैत्री कसली?

तिथला कायदा

आता समुद्राच्या पलीकडे जाऊ. भारतातला विदेशी देणगी नियमन कायदा, म्हणजेच एफसीआरए, मूळचा १९७६ चा, सध्याचा २०१० चा आणि २०२० मध्ये बराच कडक झालेला. ज्या संस्थेला परदेशातून देणगी घ्यायची आहे, तिची केंद्रीय गृहमंत्रालयाकडे नोंदणी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. विदेशी पैसा प्रथम एकाच ठिकाणी उतरतो, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. संस्था गडचिरोलीची असो की गुहागरची, खाते दिल्लीला! प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. एका संस्थेने घेतलेला विदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण मनाई. दर पाच वर्षांनी नूतनीकरण. दरवर्षीचा हिशेब ३१ डिसेंबरपर्यंत सादर.

१ जानेवारी २०२२ च्या सकाळी देशातल्या जवळजवळ सहा हजार संस्थांची ही नोंदणी संपुष्टात आलेली होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी नूतनीकरणाचा अर्जच वेळेत केलेला नव्हता. कागदाचा कंटाळा फक्त आपल्याकडेच आहे असे नाही, तो तिकडेही आहे.

इथे आपल्या ‘थेट मदती’चा खरा धोका सुरू होतो. समजा, आपण इथल्या एखाद्या संघटनेच्या नावाने दोन लाख रुपये एखाद्या खेड्यातल्या संस्थेच्या साध्या बचत खात्यात पाठवले. आपण फोटो काढला, स्मरणिकेत छापला, विसरलो. त्या संस्थेची एफसीआरए नोंदणी नसेल तर तिने कायदा मोडला. नोंदणी असेल, पण पैसा चुकीच्या खात्यात गेला असेल, तरीही मोडला. कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आपण दानशूर, आणि नोटीस कोणाला? तर वीस वर्षे आदिवासी पोरांना शिकवणाऱ्या त्या गुरुजींना! ज्याला हात द्यायला गेलो त्यालाच पाण्यात ढकलायचे, याला मी दान म्हणू शकत नाही.

पासपोर्टचा रंग

आता एक गोष्ट सांगतो, जी आपल्यापैकी निम्म्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक असती तर सुरुवातीचे ते वाक्य उच्चारताच आले नसते.

एफसीआरए माणूस कुठे राहतो हे बघत नाही, तो कोणत्या देशाचा नागरिक आहे हे बघतो. भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी ही ‘विदेशी देणगी’ धरलीच जात नाही. गृहमंत्रालयाने आपल्या प्रश्नोत्तरांत हे स्वच्छ सांगितले आहे. देणगीदाराच्या पासपोर्टचा तपशील घेऊन ठेवावा, एवढी सूचना ते संस्थांना करतात. उलट ज्याने अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी त्याची देणगी विदेशी ठरते.

याचा अर्थ लक्षात येतो का? न्यू जर्सीतल्या मराठी माणसापुढे ही अडचण आहे. म्हणूनच तिकडच्या मंडळींनी १९७८ सालीच महाराष्ट्र फाउंडेशनसारखी संस्था उभी केली, रीतसर नोंदवली, हिशेब ठेवले, निवड समित्या नेमल्या, आणि १९९४ पासून साहित्य व समाजकार्याचे पुरस्कार सुरू केले. त्यांच्यापुढे भिंत होती, त्यांनी दरवाजा बसवला. आपल्यापुढे, म्हणजे इथे वीस-वीस वर्षे राहूनही खिशात निळा भारतीय पासपोर्टच असणाऱ्या आपल्यासारख्यांपुढे, ती भिंतच नाही! इथे नागरिकत्व मिळत नाही म्हणून आपण एरवी हळहळतो. त्याच गोष्टीने आपल्याला एक दार उघडे ठेवले आहे आणि आपण त्याला पाठ लावून ‘वाट नाही, वाट नाही’ म्हणत बसलो आहोत.

मात्र अट नीट वाचा. ‘स्वतःच्या बचतीतून.’ दहा जणांचे पैसे एकाने गोळा करून आपल्या खात्यातून पाठवले तर ती त्याची बचत नव्हे. ‘व्यक्तीने.’ भारताबाहेर स्थापन झालेला क्लब, सोसायटी किंवा व्यक्तींचा कोणताही संघ हा कायद्याच्या व्याख्येत ‘विदेशी स्रोत’ आहे. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकजण वेगवेगळा दिला तर देशी, आणि मंडळ म्हणून एकत्र दिले तर विदेशी! ‘नेहमीच्या बँक मार्गाने.’ सर्वात सोपे म्हणजे आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून संस्थेच्या खात्यात. वेस्टर्न युनियनसारख्या तत्काळ रोकड पोचवणाऱ्या ज्या सेवा आहेत, त्या योजनेत धर्मादाय संस्थांना देणगी पाठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. हवालाबद्दल तर बोलायलाच नको.

भागीदारी कशाशी खातात?

इथवर एकेकट्याच्या दानाचे झाले. पण मोठे काम एकट्याच्या दानातून उभे राहत नाही. बंधारा, डायलिसिस केंद्र, शंभर शाळांत पिण्याचे पाणी, यासाठी दोन देशांतल्या दोन संस्थांनी हात मिळवावे लागतात आणि तिसऱ्या कोणाकडून अनुदान मिळवावे लागते. असे अनुदान मागायला गेले की पात्रतेचे नियम पुढे येतात, आणि आपला खरा चेहरा त्यात दिसतो.

उदाहरण म्हणून रोटरी फाउंडेशनची ‘ग्लोबल ग्रँट’ घ्या. दुबईत रोटरी क्लब आहेत, महाराष्ट्रात तर गावोगाव आहेत. ही योजना मुळातच आंतरराष्ट्रीय भागीदारीची आहे. जिथे काम होणार तिथला एक क्लब, आणि दुसऱ्या देशातला एक क्लब, असे दोघे मिळूनच अर्ज करू शकतात. अंदाजपत्रक किमान ३० हजार डॉलरचे हवे. काम ठरलेल्या सात क्षेत्रांपैकी एकात बसायला हवे: शांतता, रोगनिवारण, पाणी व स्वच्छता, माता व बालआरोग्य, शिक्षण, स्थानिक अर्थविकास, पर्यावरण. दोन्ही बाजूंना तीन-तीन जणांची समिती. दर बारा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल आणि काम संपल्यावर दोन महिन्यांत अंतिम अहवाल.

यातले तीन नियम मुद्दाम सांगतो, कारण ते आपल्या सवयींच्या थेट विरुद्ध आहेत.

पहिला नियम: अर्जापूर्वी त्या वस्तीची पाहणी करायची, लोकांना काय हवे ते त्यांना विचारायचे आणि ते लिहून द्यायचे. आपण काय करतो? इथे बसून ठरवतो की शाळेला स्मार्ट टीव्ही द्यायचा. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, वीज किती तास असते, हे कोणी विचारायचे? टीव्ही मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि आपले समाधान फोटोत.

दुसरा नियम: सुरू झालेल्या किंवा संपलेल्या कामाला अनुदान नाही. म्हणजे आधी विचार, मग पैसा. आपल्याकडे आधी भूमिपूजन, मग पैशांची शोधाशोध, आणि शेवटी ‘काहीतरी जमवा हो’ असा फोन.

तिसरा नियम: लाभ सदस्यांच्या नातेवाइकांना मिळता कामा नये. हा तर आपल्या वर्मावरच घाव! आपल्या ‘गावासाठी काहीतरी’मधले गाव पुष्कळदा आपल्या वाड्यापाशी सुरू होते आणि ग्रामदैवताच्या कमानीवर आजोबांचे नाव कोरले की संपते. संस्था चुलत्याची, कंत्राट मेहुण्याचे, उद्घाटन आपले. यात वाईट हेतू असतोच असे नाही. परंतु याला कोणी परका माणूस अनुदान का देईल?

सांगायचा मुद्दा असा, की हे नियम कोणा गोऱ्या साहेबाने आपल्याला हिणवायला केलेले नाहीत. दान वाया कसे जाते याच्या शंभर अनुभवांतून ते आले आहेत. आपण त्यांना आडकाठी म्हणतो, मी त्यांना शहाणपण म्हणतो.

तीन आक्षेप

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही.

‘आम्ही नोकरदार माणसे. शनिवार-रविवार मुलांच्या शिकवण्या आणि किराणा यात जातो. एवढे कागद कोण करणार?’ मान्य. पण मग गणेशोत्सवाच्या ढोलपथकाच्या दोन महिन्यांच्या तालमी कशा जमतात? सभागृहाची परवानगी, ध्वनिक्षेपकाची परवानगी, कलाकारांचे व्हिसा, तिकिटे, हे सगळे कागद आपणच करतो आणि झकास करतो. वेळ नसतो असे नाही. ज्याची हौस त्याला वेळ, एवढेच.

‘कागदांत अडकण्यापेक्षा सुट्टीत गावी गेलो की रोख देऊन येतो. थेट गरजूच्या हातात!’ एखाद्या विद्यार्थ्याची फी भरायची, आजारी माणसाच्या औषधाचे पैसे द्यायचे, तर यात वावगे काहीच नाही. तशी माणुसकी जरूर असावी. पण संस्थेला रोख देऊन तिची वाढ होत नाही. जो पैसा हिशेबात दिसत नाही, त्याच्या जोरावर तिला उद्या मोठे अनुदान मागता येत नाही. तीन वर्षांत १५ लाख खर्च केल्याचे दाखवायचे कसे, जर अर्धा खर्च पाकिटातून आलेल्या नोटांनी झाला असेल? आपली रोख देणगी त्या संस्थेला कायमची छोटी ठेवते.

‘मोठ्या संस्थांना सगळे देतात. छोट्या संस्थांनी काय करायचे? त्यांना हे कागद झेपत नाहीत.’ हा आक्षेप मात्र खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. आनंदवन, हेमलकसा ही नावे आपल्या तोंडी सहज येतात. मेळघाटातल्या किंवा जव्हार-मोखाड्यातल्या चार तरुणांच्या संस्थेचे नाव कोणाला ठाऊक? पूर्वी मोठी नोंदणीकृत संस्था विदेशी अनुदान घेऊन अशा लहान संस्थांना वाटून देऊ शकत होती. २०२० च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. माझ्या मते हे चुकीचे झाले. गैरप्रकार थांबवायचे तर तपासणी वाढवावी, झऱ्याचे तोंडच लिंपू नये. हे सरकारला सनदशीर मार्गाने सांगितले पाहिजे, आणि सांगणाऱ्यांत परदेशस्थ भारतीय नागरिकांचा आवाज असला पाहिजे.

पण तोवर काय? तोवर या लहान संस्थांना नोंदणीशिवायही ज्याचा पैसा घेता येतो असा देणगीदार आपणच नाही का? निळा पासपोर्ट, स्वतःची बचत, स्वतःचे खाते. ज्या दारातून अमेरिकेतला नागरिक झालेला मराठी माणूस आत येऊ शकत नाही, त्या दारातून आपण जाऊ शकतो. म्हणजे हा आक्षेप आपली सुटका करत नाही, आपली जबाबदारी वाढवतो.

मग करायचे काय?

नुसती टीका करून लेख संपवणे सोपे असते. म्हणून चार गोष्टी मांडतो.

एक. मंडळाने देणग्या गोळा करणे बंद करावे, पूर्णपणे. सामुदायिक काही करायचेच असेल तर इथल्या परवानाधारक धर्मादाय संस्थेकडे जावे, खात्याची लेखी परवानगी घ्यावी आणि ती हातात आल्यावरच पहिला संदेश पाठवावा. परवानगी मिळाली नाही तर थांबावे.

दोन. मंडळाने वर्षातून एक संध्याकाळ या विषयाला द्यावी. लावणी, कोजागिरी, हळदीकुंकू सगळे असू दे, त्यात एक कार्यक्रम कायद्याचा असू दे. एखाद्या वकिलाला आणि एखाद्या सनदी लेखापालाला बोलवा. संस्था कशी पारखायची ते सभासदांना शिकवा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, लेखापरीक्षण झालेले हिशेब दरवर्षी सादर होतात का, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ यादीत नाव आहे का, प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रे आहेत का, ओसीआय सभासदासाठी एफसीआरए नोंदणी चालू आहे का? पाच प्रश्न. जी संस्था उत्तरे द्यायला कुरकुर करील तिला नमस्कार. आपत्तीच्या वेळी कुठे द्यायचे हा गोंधळही यातून मिटेल. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीला एफसीआरए नोंदणी मिळाली, ही बातमी आपल्यापैकी किती जणांपर्यंत पोचली?

तीन. पैशाबरोबर आपले कसब द्या. या देशात मराठी लेखापाल, अंतर्गत लेखापरीक्षक, बँकेतले नियमपालन अधिकारी, निविदा लिहिणारे अभियंते शेकड्यांनी आहेत. दिवसभर ते कंपन्यांसाठी हेच करतात: अटी वाचायच्या, तक्ता भरायचा, त्रुटी काढायच्या. गावाकडच्या लहान संस्थेचे अडते नेमके तिथेच. तिच्याकडे काम असते, पण अंदाजपत्रक इंग्रजीत मांडायला, तीन वर्षांचे ताळेबंद नीट लावायला, नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवायला माणूस नसतो. पाचशे दिरहमांपेक्षा असे पाच तास जास्त मोलाचे ठरतील. पाचशे दिरहम एकदाच खर्च होतात. पात्र झालेली संस्था पुढे दहा वर्षे आपल्या पायांवर अनुदान मिळवते.

चार. आधी स्वतःपासून सुरुवात. दुसऱ्याकडून हिशेब मागणाऱ्या मंडळाने स्वतःचा हिशेब मांडलेला असावा. आपल्यासारख्या मंडळांच्या स्मरणिका चाळून बघा. सोनाराच्या, बिल्डरच्या, मसालेवाल्याच्या जाहिराती पानोपान. अध्यक्षांचे मनोगत, सचिवांचे मनोगत, खजिनदारांचेही मनोगत! खजिनदारांचे मनोगत हवे कशाला? त्यांचा ताळेबंद हवा. एक पान, लेखापरीक्षकाच्या सहीसकट. उद्या एखाद्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भागीदार व्हायची वेळ आली तर समोरचा पहिली गोष्ट तीच मागेल, आणि तेव्हा तीन वर्षांचे कागद एका रात्रीत तयार होत नसतात.

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल की या लेखात मी एकाही संस्थेचा खाते क्रमांक दिलेला नाही, कोणाला देणगी द्या असेही म्हटलेले नाही. ते मुद्दामच. इथल्या कायद्यानुसार या पानांतून तसे आवाहन करता येत नाही, आणि नियम पाळा म्हणून सांगणाऱ्या लेखाने स्वतः नियम मोडू नये.

आपले संत दानाबरोबर विवेकाची गोष्ट सांगत आले. सत्पात्री दान हा शब्द आपलाच आहे. आजवर आपण त्याचा अर्थ एवढाच घेतला की घेणारा पात्र हवा. आता देणाऱ्यानेही पात्र व्हायची वेळ आली आहे. येत्या वर्षाच्या स्मरणिकेत ताळेबंदाचे ते एक पान छापले जाते का, एवढे मी बघणार आहे. तुम्हीही बघा. आणि नसेल छापले, तर वार्षिक सभेत उठून विचारा.